औषध म्हणून विषाणू : पण तो शुद्ध आहे कशावरून?

गेल्या महिन्यात संध्याकाळी दवाखान्यातील शेवटचा रुग्ण तपासून मी उठणार, तोच शेजारच्या गावचे एक शेतकरी आत आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला हिमोफिलिया आहे. हिमोफिलिया म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा जन्मजात आजार. जखमेतून रक्त बराच वेळ वाहत राहते, गुडघ्यात रक्त साचून सांधा सुजतो. मुलाचे शाळेचे दिवस निम्मे अंथरुणातच जातात.

त्यांनी खिशातून घडी घातलेले एक गुळगुळीत पत्रक काढले. "डॉक्टरसाहेब, एवढं जरा वाचून बघा." एका मोठ्या शहरातील कुठल्याशा केंद्राचे ते पत्रक होते. 'जनुकांचे इंजेक्शन, एकाच डोसात आजार मुळापासून बरा' असे त्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते. खर्च नऊ लाख. आगाऊ रक्कम म्हणून पन्नास हजार त्यांनी भरूनही टाकले होते.

"दीड एकर विकायला काढलाय, साहेब," ते म्हणाले. "पण मनाला पटेना. त्यात व्हायरस टोचतात म्हणे. खरं का? करोनात व्हायरसनंच माझा थोरला भाऊ नेला. तोच पोराच्या अंगात कसा घालू?"

वाचकहो, हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळा गेली तीस-पस्तीस वर्षे याच प्रश्नाशी झुंजत आहेत. विषाणूचा औषध म्हणून उपयोग करायचा असेल, तर तो शुद्ध आहे, निरुपद्रवी आहे, हे ठरवायचे कसे? आजच्या लेखात हा विषय आपण थोडा सविस्तर समजून घेऊ.

विषाणू हा निरोप्या

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके असतात. कोणते प्रथिन कसे बनवायचे याची ती कृती होय. हिमोफिलियाच्या रुग्णात रक्त गोठविणाऱ्या एका प्रथिनाची कृती चुकलेली असते. बरोबर असलेली कृती पेशीत नेऊन पोहोचविली, तर पेशी ते प्रथिन बनवू लागेल, हे जनुकोपचाराचे साधे तत्त्व आहे.

पण जनुक पेशीत पोहोचवायचे कोणी? हे काम निसर्गात विषाणूइतके सफाईने कोणालाच जमत नाही. पेशीचे दार उघडून आत शिरणे आणि आपली जनुके तिच्या हवाली करणे, हाच त्याचा धंदा. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूची रोग वाढविणारी जनुके काढून टाकली आणि त्यांच्या जागी हवे ते जनुक बसविले. अशा जुळणी करून बनविलेल्या विषाणूला 'पुनर्संयोजित विषाणू' म्हणतात. तो पेशीत शिरतो, सामान पोहोचवितो, पण स्वतःची पिलावळ वाढवू शकत नाही. दात काढलेल्या नागासारखी त्याची गत असते.

१४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलीवर अधिकृत परवानगीने असा पहिला उपचार झाला. तिला प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष होता. तिच्या रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर काढून, विषाणूमार्फत त्यांत योग्य जनुक घालून त्या परत दिल्या गेल्या.

आपल्यापैकी अनेकांच्या दंडातही असा विषाणू जाऊन आला आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. पुण्यात तयार झालेली कोव्हिशिल्ड ही लस म्हणजे चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसमध्ये करोनाचे एक जनुक बसवून तयार केलेला, न वाढणारा पुनर्संयोजित विषाणूच होय. त्या लशीनंतर क्वचित होणारा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास हा वेगळा विषय आहे. तो अशुद्धतेमुळे होत नाही.

गाळून का घेता येत नाही?

पाणी गाळून घेतो तसा विषाणूही गाळून शुद्ध करावा, असे कोणालाही वाटेल. जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, अशा प्रकारे गाळता येतात. पण विषाणू फार लहान. ॲडिनोव्हायरसचे सुमारे अकरा हजार कण एका ओळीत लावले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. जंतू अडविणाऱ्या गाळणीतून तो सहज पार होतो.

खरी अडचण याहून पुढची आहे. चांगला विषाणू आणि बिघडलेला विषाणू दोघेही दिसायला सारखेच. आकार तोच, वजन जवळजवळ तेच. तांदळातील खडे निवडता येतात, पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन जातींचा तांदूळ एकत्र झाला तर कोणती गृहिणी तो निवडू शकेल? म्हणूनच या क्षेत्रातील पहिला नियम असा की शुद्धता शेवटी आणता येत नाही. ती अगदी सुरुवातीपासून राखावी लागते.

विषाणूत भेसळ कशी होते?

पाच प्रकारची भेसळ प्रामुख्याने आढळते.

१) पुन्हा वाढू लागलेला विषाणू. ही सर्वांत धोक्याची भेसळ. दात काढलेला विषाणू स्वतः वाढत नाही, मग कोट्यवधींच्या संख्येने तो तयार करायचा कसा? त्यासाठी खास पेशी वापरतात. विषाणूचे काढून घेतलेले जनुक या पेशींमध्ये कायमचे बसविलेले असते. त्यामुळे विषाणू फक्त या पेशींतच वाढतो, बाहेर नाही. यातील सर्वांत प्रसिद्ध पेशी म्हणजे 'एचईके २९३'. नेदरलँड्समधील लायडन येथे १९७३ साली फ्रँक ग्रॅहम यांनी त्या तयार केल्या. त्यांचा तो २९३ क्रमांकाचा प्रयोग होता, म्हणून हे नाव. पण शेजारच्या वावरातून पराग उडून यावा आणि आपल्या बियाण्यात भेसळ व्हावी, तसे येथेही घडते. पेशीतील जनुक आणि विषाणू यांच्यात काही मजकूर सारखा असतो. त्या जागी अदलाबदल होऊन एखादा विषाणू आपले गमावलेले जनुक परत मिळवितो. मग त्याला पुन्हा दात फुटतात.

२) दुसराच विषाणू. एकाच प्रयोगशाळेत दोन-तीन विषाणूंवर काम चालू असेल, तर एकाचा थेंब दुसऱ्याच्या बाटलीत जाऊ शकतो. ज्या पेशींवर विषाणू वाढवायचा, त्यांतच एखादा पाहुणा आधीपासून दडलेला असू शकतो. १९५५ नंतरची काही वर्षे पोलिओची लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवीत. त्या पेशींत 'एसव्ही ४०' नावाचा माकडांचा विषाणू होता आणि तो लशीबरोबर लाखो लोकांच्या शरीरात गेला, हे १९६० साली लक्षात आले. तेव्हापासून पेशींचीही कसून तपासणी होऊ लागली.

३) पोचट कण. विषाणूचे कवच तयार होते, पण आत जनुकच नसते. असे कण उपचार करीत नाहीत, मात्र शरीराची प्रतिकारशक्ती विनाकारण चाळवितात.

४) पेशींचा केरकचरा. ज्या पेशींत विषाणू वाढला, त्यांची प्रथिने आणि जनुकांचे तुकडे.

५) जंतू, बुरशी आणि जंतूंची विषे. यांतील मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जंतू मोठा लबाड. पेशींच्या बाटलीत तो मुक्काम ठोकतो, पण बाटली गढूळही होत नाही.

माकडांनी दिलेला धडा

पहिल्या भेसळीचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण १९९२ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी दहा ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केला. अस्थिमज्जेतील पेशींमध्ये विषाणूमार्फत जनुक घालून त्या पेशी माकडांना परत दिल्या. वापरलेल्या द्रावणात पुन्हा वाढू शकणारा विषाणू मिसळलेला होता. दहापैकी तीन माकडांना लसिका ग्रंथींचा वेगाने पसरणारा कर्करोग झाला आणि काही महिन्यांतच ती दगावली.

माणसांवर पहिला प्रयोग होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. या घटनेने सर्वांचे डोळे उघडले. यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा विषाणूंच्या तपासणीचे नियम कडक केले. ॲडिनोव्हायरसच्या बाबतीत त्यांनी घालून दिलेली मर्यादा पाहा : ३,००० कोटी कणांत पुन्हा वाढणारा एकापेक्षा अधिक कण नसावा. पुढे १९९८ साली लायडनच्याच शास्त्रज्ञांनी नवीन पेशी तयार केल्या. त्यांत विषाणूशी जुळणारा सामाईक मजकूरच ठेवला नाही. पराग येण्याची वाटच बंद केली म्हणा ना.

शुद्ध वाण कसा तयार करतात?

आपल्या भागातील शेतकऱ्यांना बीजोत्पादनाची पद्धत ठाऊक आहे. पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत बियाणे, त्यापासून प्रमाणित बियाणे. शेजारच्या पिकापासून ठराविक अंतर राखायचे, भेसळीची झाडे उपटून टाकायची, प्रत्येक पिढीची नोंद ठेवायची. विषाणूंची रीत याहून फार वेगळी नाही.

पहिली पायरी, एकाच कणापासून सुरुवात. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या थाळीत पेशींचा एक पातळ थर वाढवितात. त्यावर विषाणूचे अतिशय विरळ केलेले द्रावण सोडतात आणि वरून अगरचा थर ओततात. अगर म्हणजे आपल्या घरात चायना ग्रास येते त्याच जातीचा पदार्थ. तो थिजला की विषाणूला इकडेतिकडे फिरता येत नाही, फक्त शेजारच्या पेशींना लागण करता येते. काही दिवसांनी पेशींच्या गालिच्यात टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसू लागतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एका विषाणूचे एक कुटुंब. त्यातील एकच छिद्र निवडून, त्यातले विषाणू ओढून घेऊन पुन्हा तीच कृती करतात. साधारणतः तीनदा. प्राण्यांच्या विषाणूंसाठी ही युक्ती रेनाटो डल्बेको यांनी १९५२ साली शोधून काढली. ती आजही वापरात आहे.

दुसरी पायरी, ओळख पटविणे. निवडलेल्या विषाणूची जनुके वाचून पाहतात. हवे ते जनुक पूर्ण आहे ना, काढून टाकलेले परत आले नाही ना, याची खात्री करतात.

तिसरी पायरी, मूळ साठा. या विषाणूच्या पुष्कळशा लहान कुप्या भरून उणे ८० अंशांच्या शीतपेटीत ठेवतात. हा मूळ साठा. त्यापासून कामाचा साठा आणि त्यापासून वापराचा माल. दरवेळी मागच्या मालातून पुढचा माल काढत गेले तर प्रत्येक पिढीत बिघाडाची शक्यता वाढते. कालच्या दह्याचे आज, आजच्याचे उद्या असे विरजण लावत गेले की शेवटी दही आंबट होते, तार सुटते, हे घरोघरी माहीत आहे.

चौथी पायरी, पोचट वेगळे करणे. कोकणात भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. येथेही तसेच करतात, फक्त मीठ वेगळे, सीझियम क्लोराइड. या द्रावणात विषाणू घालून ते यंत्रात मिनिटाला हजारो फेऱ्यांनी तासन्‌तास फिरवितात. भरलेले विषाणू आपल्या घनतेच्या जागी निळसर पांढऱ्या पट्ट्यासारखे जमतात, पोचट कण त्यांच्या वर राहतात. सुई खुपसून हवा तो पट्टा काढून घेतात. मोठ्या उत्पादनात या कामासाठी आता विशेष रसायने भरलेल्या नळ्या वापरतात.

पाचवी पायरी, अंतिम परीक्षा. तयार मालाचा नमुना अशा पेशींवर टाकतात की ज्यांत विषाणूला मदत करणारे जनुक नाही. दात काढलेला विषाणू तेथे वाढूच शकत नाही. पेशी मरू लागल्या तर भेसळ आहे हे उघड. तो माल रद्द. याखेरीज जंतू, बुरशी, मायकोप्लाझ्मा आणि जंतूंची विषे यांच्या तपासण्या वेगळ्या. एकूण कण किती आणि त्यांतले कार्यक्षम किती, हेही मोजावेच लागते, कारण डोस त्यावर ठरतो.

हे सर्व केवळ रुग्णासाठीच हवे असे नाही. उंदरांवरच्या साध्या प्रयोगातही विषाणू अशुद्ध असेल तर उंदीर बरा झाला तो जनुकामुळे, की आजारी पडला तो भेसळीमुळे, हे कळणार नाही. चुकीच्या निष्कर्षावर उद्या माणसाचा उपचार उभा राहील.

एका बाटलीची गोष्ट

आपल्या मुंबईशी निगडित एक जुनी हकीकत येथे सांगणे योग्य होईल. परळच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करीत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केले गेले. पुढे चौकशीत असे दिसले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ साली त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

याचा बोध असा की शुद्धता ही कारखान्याच्या दारात संपत नाही. ती सुईच्या टोकापर्यंत सांभाळावी लागते. आणि प्रत्येक बाटलीचा क्रमांक लिहून ठेवलेला असला तरच चूक कोठे झाली हे शोधता येते.

अलीकडचेही एक उदाहरण आहे. एप्रिल २०२१ मध्ये ब्राझीलच्या औषध नियंत्रकांनी रशियाच्या स्पुटनिक लशीची आयात नाकारली. लशीतील ॲडिनोव्हायरस पुन्हा वाढू शकतो असे कागदपत्रांवरून दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. उत्पादकांनी ते साफ नाकारले. पुढे जूनमध्ये अटी घालून मर्यादित आयातीला परवानगी मिळाली. बरोबर कोण, या वादात आपण शिरू नये. पण भर साथीतही नियंत्रक हा प्रश्न विचारतात, यावरून त्याचे महत्त्व कळावे.

शुद्ध म्हणजे सुरक्षित असे नव्हे

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या चाचणीत ॲडिनोव्हायरस दिल्यानंतर चौथ्या दिवशी दगावला. तेथे भेसळीचा प्रश्न नव्हता. त्याच्या शरीराने विषाणूविरुद्ध दिलेली प्रतिक्रियाच भयंकर होती. पॅरिसमधील चाचणीत प्रतिकारशक्तीचा दोष असलेली मुले बरी झाली, पण २००२ पासून त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूने जनुक नको त्या जागी नेऊन बसविले. म्हणजे शुद्धता ही पहिली अट आहे, एकमेव नव्हे.

आता आशेची बाजूही पाहू. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच पेशींमध्ये विषाणूमार्फत जनुक घालतात. हिमोफिलियासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे उत्साहवर्धक निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्र खरे आहे. त्याच्या नावावर चाललेला प्रत्येक व्यवहार मात्र खरा नसतो.

विचारावयाचे प्रश्न

असा उपचार कोणी सुचविला, तर पैसे देण्यापूर्वी पुढील प्रश्न लेखी विचारा.

१) या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? असल्यास परवान्याची प्रत दाखवा.

२) मान्यता नसेल आणि ही चाचणी असेल, तर भारतीय चाचणी नोंदणीचा, म्हणजे 'सीटीआरआय'चा क्रमांक काय? ही नोंदणी कोणालाही संगणकावर पाहता येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता न मिळालेला जनुकोपचार चाचणीबाहेर देता येत नाही.

३) नैतिकता समितीची परवानगी आणि मराठीतील संमतिपत्रक आहे का? ते घरी नेऊन वाचता येईल का?

४) चाचणी असेल तर पैसे कशाचे? चाचणीतील औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

५) विषाणू कोठे तयार झाला? त्या मालाचा क्रमांक आणि तपासणीचा दाखला आहे का?

६) नंतर किती वर्षे तपासणी करणार? जनुक कायमचे बसविणाऱ्या विषाणूंसाठी अमेरिकेत १५ वर्षे पाठपुरावा करण्याची शिफारस आहे. 'इंजेक्शन घ्या आणि घरी जा' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

हे सहा प्रश्न मी त्या शेतकऱ्याला कागदावर लिहून दिले. त्यांनी ते त्या केंद्राला पाठविले. पहिल्या दिवशी गोड बोलणे झाले, दुसऱ्या दिवशी 'साहेब बाहेरगावी आहेत', नंतर फोन उचलणेच बंद. आगाऊ भरलेले पन्नास हजार अजून परत मिळालेले नाहीत आणि मिळतील असे मला वाटत नाही. पण दीड एकर जागेवर आहे, आणि मुलाच्या अंगात काय जाणार होते हे देव जाणे, ते गेले नाही.

राज्यातील काही शासकीय रुग्णालयांत हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठविणारे 'फॅक्टर' मिळते. त्या मुलाची आता तेथे नोंद झाली आहे. गेल्या आठवड्यात तो वडिलांबरोबर आला होता. गुडघ्याची सूज उतरली आहे. वडील म्हणाले, "साहेब, खरं औषध आलं की सांगा. तेव्हा वावर विकायलाही माझी ना नाही."

मी म्हणालो, "आलं की मीच निरोप धाडीन. पण त्या दिवशीही कागद घेऊनच जायचं. सहाच्या सहा प्रश्न विचारायचे."